शेतावर जाणारी दुचाकी कुणी मोजली?


विजेवरच्या गाड्यांच्या टोलमाफीवर सध्या रकानेच्या रकाने छापून येत आहेत. अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी. यांतला एकही रस्ता बीड जिल्ह्यातून जात नाही. राज्याच्या २०२५च्या विद्युत वाहन धोरणाला २०३०पर्यंत नव्या वाहनांपैकी ३० टक्के वाहने विजेवर हवी आहेत. ते टक्के टोलनाक्यावर गाठायचे की केजसारख्या गावांत?

इथे घरटी एकच दुचाकी. सकाळी ती शेतावर जाते, येताना दुधाचे कॅन आणि कडब्याच्या पेंढ्या आणते, मग पोरांना शाळेत सोडते. घरात कुणी आजारी पडले तर तिघे बसून अंबाजोगाईचा सरकारी दवाखाना गाठतात. धोरणात राष्ट्रीय महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंग केंद्र आहे. दुचाकी तर घरच्या बोर्डावर चार्ज होते! रात्री लाइट गेली, तर सकाळी अर्ध्या चार्जिंगवर कुठे जायचे? दुचाकीला दहा हजारांपर्यंत सवलत आहे, हे मान्य. पण सवलतीने लाइट येत नाही.

मुळात आमचा प्रवास मोजलाच कुणी? २०११च्या जनगणनेत कामावर जाण्याचे अंतर आणि साधन विचारले, तेही फक्त ‘इतर कामगारां’ना. शेतकरी आणि शेतमजूर त्यातून वगळले. म्हणजे निम्म्याहून अधिक केज तालुका वगळला! जुलै २०२५पासून देशात पहिल्यांदाच कुटुंबांच्या प्रवासाची राष्ट्रीय पाहणी सुरू झाली, याचा आनंद आहे. पण दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. बिऱ्हाडासकट ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून. वर्षातला सर्वांत लांबचा प्रवास तोच, आणि तेव्हाच घराला कुलूप. पाहणीवाले कुलपाला काय विचारणार?

एसटीचेही तेच: सवलत आहे, सोय नाही. मार्च २०२३पासून बायकांना अर्धे तिकीट झाले. ज्या माहेरी जायलाही दहा वेळा विचार करत, त्या एसटीने फिरू लागल्या. आता गाडीत पाय ठेवायला जागा नसते. महामंडळाने ५,१५० विजेवरच्या बसगाड्यांचा करार केला, मग खेड्यांच्या फेऱ्यांवर त्या आधी का नकोत?

पाहणीवाल्यांनी टोळ्या परतल्यावर वाड्या-तांड्यांवर पुन्हा यावे. त्यांचे आकडे हाती आल्याशिवाय सरकारने टोलमाफीवर आणखी एक रुपयाही खर्च करू नये.

— एक वाचक, केज (जि. बीड)