एका दिवसाची सुट्टी
या आठवड्यात हॅरी लायटनचा ‘पिलियन’ हा चित्रपट पाहिला, आणि तो काही डोक्यातून जाईना. २०२५ साली कान महोत्सवात त्याला पटकथेचं पारितोषिक मिळालं होतं. कॉलिन लंडनच्या ब्रॉम्लीचा, गाड्यांना दंडाच्या पावत्या चिकटवणारा, आईवडिलांकडे राहणारा, बुजरा. रे उंचापुरा, देखणा, मोटरसायकलवाला आणि पक्का घुम्या. रेनं हुकूम सोडायचा; कॉलिननं स्वयंपाक करायचा आणि रात्री पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर निजायचं. ऐकूनच पुष्कळजण नाक मुरडतील. पण या जोडीचा विजोडपणा हुकुमात नाहीच मुळी! कॉलिनला हुकूम हवे आहेत, त्यात तो खुलतो, हे त्याची भूमिका करणाऱ्या हॅरी मेलिंगच्या चेहऱ्यावर लख्ख दिसतं. बीडीएसएम, म्हणजे संमतीनं हुकूम देण्याघेण्याचं असं नातं, जगणाऱ्यांचा पहिला दंडकच असा की आधी बोलायचं, मर्यादा सांगायच्या, थांबायचा शब्द ठरवायचा. रे नेमकं तेच टाळतो. जेवणाच्या टेबलावर कॉलिनची आजारी आई रेला खडसावते. तिला ही रीत पचत नाही हे उघड आहे, तरी आपल्या पोराला कुणी काही विचारतच नाही, हे त्या माउलीनं अचूक हेरलेलं असतं. पुढे कॉलिन सुट्टी मागतो, चारचौघांसारखं जोडीनं फिरायला एक दिवस. हुकूम पाळण्यापेक्षा या मागणीला कितीतरी जास्त धाडस लागतं, आणि ती ज्याला झेपत नाही तो रे या दोघांतला दुबळा आहे. शेवटी नव्या जोडीदाराला कॉलिन आपल्या अटी आधीच सांगतो, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.