डीजेचे यंत्र घेण्यापूर्वी



बोईसरच्या एका चाळीत राहणाऱ्या आमच्या परिचयाच्या ताई परवा घरी आल्या. त्यांचा थोरला मुलगा तारापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहे. बारा तासांची पाळी, हातात येणारा पगार बेताचा. ताई चहाला हातही न लावता म्हणाल्या, "दादा, पोरगं डीजेची मशीन घ्यायची म्हणतंय. दीड लाखाची. फायनान्सवाला कर्ज द्यायला तयार बसलाय. माझ्या भिशीचे चाळीस हजार आहेत, तेही मागतोय. तुम्ही तरी त्याला दोन गोष्टी सांगा."

रविवारी मुलगा आला. डोळ्यांत झोप होती, पण बोलणे ठाम. "काका, हळदीच्या एका रात्रीत मला आठवड्याच्या पगाराएवढे पैसे मिळतात. दुसऱ्याच्या मशीनवर किती दिवस हमाली करू?"

आम्ही त्याला नको म्हटले नाही. आपल्या समाजात गाण्याने पोट भरले आहे आणि डोकीही जागी केली आहेत. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) आयुष्यभर गाणी लिहिली आणि गायली. प्रल्हाद शिंदेंच्या कॅसेटी प्रत्येक चाळीत वाजल्या. आधी ढोलकी-पेटी होती, मग बँजो पार्टी आली, आता लॅपटॉप आला. साधन बदलले म्हणून कोणी नाक मुरडू नये. मात्र साधन घेताना डोळे उघडे ठेवावेत. आमच्या ओळखीचे एक जुने साऊंडवाले पालघरला राहतात. त्यांना आम्ही बोलावून घेतले. त्यांच्याकडून जे समजले ते आपल्या घरातील मुलांच्याही उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडतो.

पहिली गोष्ट. ज्याला मुले 'कंट्रोलर' म्हणतात, त्यात गाणी नसतात. गाणी लॅपटॉपमध्ये असतात, मिसळण्याचे कामही लॅपटॉपमधला प्रोग्राम करतो. कारखान्यात मोटार लांब असते आणि बटणांचे पॅनेल ऑपरेटरच्या हाताशी असते. कंट्रोलर म्हणजे तेच पॅनेल. वाद्ये आणि संगणक यांनी एकमेकांशी बोलावे म्हणून १९८३ साली 'मिडी' नावाची पद्धत ठरली. बहुतेक कंट्रोलर आजही तिच्याच आधाराने चालतात. म्हणून जुना रडतखडत चालणारा लॅपटॉप आणि दीड लाखाचा कंट्रोलर ही जोडी म्हणजे फाटक्या चपलेवर रेशमी फेटा. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला लॅपटॉप आधी हवा.

दुसरी गोष्ट, आत साऊंड कार्ड आहे का? डीजेला दोन आवाज वेगवेगळे लागतात. एक लोकांना ऐकू जाणारा, दुसरा पुढचे गाणे आपल्याच कानात जुळवून पाहण्यासाठी हेडफोनचा. साध्या लॅपटॉपला आवाजाची एकच वाट असते. कंट्रोलरच्या आतील साऊंड कार्ड ही दुसरी वाट देते. ते नसेल तर यंत्र खेळण्यासारखेच.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आणि दुकानदार ती सांगत नाही. आपण वाजवणार काय? इंग्रजी नाचाची गाणी संगणकावर बनतात, त्यांचा ठेका घड्याळासारखा चालतो. तेथे 'सिंक'चे बटण दाबले की दोन गाणी आपोआप जुळतात. आपल्या जुन्या भीमगीतांत, कोळीगीतांत, हळदीच्या गाण्यांत ढोलकी माणसाने वाजवलेली आहे. गाणे रंगते तसा ठेका थोडा पुढे सरकतो. तारप्याची धून घेतली तर ती वाजवणाऱ्याच्या श्वासावर चालते. अशा गाण्यांवर सिंकचे बटण फसते आणि दोन ढोलक्या एकमेकींच्या पायात पाय घालतात. तेथे हातानेच जुळवावे लागते. म्हणून गोल चकती मोठी आणि हाताला हलकी हवी, वेग कमी-जास्त करण्याचा उभा दांडा शक्य तितका लांब हवा. दांडा आखूड असला की केसभर सरकवायला जावे तर बोटभर फरक पडतो. न्युमार्क कंपनीच्या मिक्सट्रॅक वर्गातील काही यंत्रांत हा दांडा चांगला लांब आहे. चार डेक, रंगीत दिवे, पडदे यांवर पैसे घालण्यापेक्षा हे पाहावे. आपल्या कामाला दोन डेक पुष्कळ झाले.

चौथी गोष्ट माइकची. आपल्या कार्यक्रमात आधी वंदना होते, मग सूचना, सत्कार, हरवलेल्या मुलाची हाकाटी. काही स्वस्त यंत्रांत माइक लावायला जागाच नसते. माइकची खाच आणि त्याच्या आवाजाचे वेगळे बटण आहे ना, ते दुकानातच लावून पाहावे.

पाचवी गोष्ट मागच्या बाजूची. लहान यंत्रांना बहुधा साध्या लाल-पांढऱ्या पिना असतात. वायर पाच-दहा फुटांची असेल तर त्या चालतात. मांडवाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढली की जनरेटरची घूं-घूं त्यातून ऐकू येऊ लागते. तीन दातांच्या एक्सएलआर वायरीत ही गुणगुण एकमेकींना खोडून जाते. पण तेवढ्यासाठी महागडा कंट्रोलर नको. साऊंडवाल्याचा मिक्सर जवळ ठेवला आणि तेथून पुढे एक्सएलआर ओढली की काम भागते.

सहावी गोष्ट वीज. यूएसबीच्या वायरीवरच चालणारे यंत्र असेल तर जनरेटर अडखळला तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर ते चालू राहते. ॲम्प बंद पडेल, पण वीज येताच गाणे तेथूनच पुढे जाईल. टेम्पोवर मात्र हादऱ्याने यूएसबीची वायर निसटते. ती चिकटपट्टीने बांधावी आणि एक जादा वायर खिशात ठेवावी. एप्रिलच्या उन्हात लॅपटॉप तापून बंद पडतो, त्यावर सावली धरावी. समुद्र जवळ असल्याने खारी हवा आपल्याकडे खाचा लवकर गंजवते. काम झाले की यंत्र पुसून झाकून ठेवावे.

आता प्रोग्रामचे. 'मिक्स' नावाचा एक प्रोग्राम पूर्ण फुकट आहे. 'सेराटो डीजे लाईट'ही फुकट मिळतो. 'व्हर्च्युअल डीजे' घरी शिकायला फुकट, धंद्यासाठी मात्र परवाना घ्यावा लागतो. चोरीची प्रत टाकू नये. ती कार्यक्रमाच्या मध्येच बंद पडली तर दोष डीजेच्या माथी येतो. यंत्र घेण्याआधी ते कोणत्या प्रोग्रामवर चालते आणि पुढे वेगळे पैसे लागतील का, हे विचारून घ्यावे. पायोनियर डीजेचे २०१८ सालचे डीडीजे-४०० आणि त्याच्या जागी आलेले डीडीजे-एफएलएक्स४ ही यंत्रे शिकणाऱ्या मुलांत पुष्कळ दिसतात. हर्क्युलिसची इनपल्स मालिका त्याहून स्वस्तात सुरू होते. वापरलेले यंत्र घ्यायचे तर डहाणू लोकल पकडून ग्रँट रोडला उतरावे, लॅमिंग्टन रोडला दोन-चार दुकाने फिरावे. प्रत्येक बटण, प्रत्येक दांडा स्वतः फिरवून पाहावा आणि बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मुलगा सगळे ऐकत होता. शेवटी साऊंडवाले दादा म्हणाले, "आता माझ्याकडे बघून एक ऐक. मी वीस वर्षे बेसच्या बाजूला उभा राहिलो. नातू हाक मारतो ते मला ऐकू येत नाही." एवढे म्हणून ते उठून बाहेर गेले.

वाचकहो, हा विषय आपण टाळतो. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसवतो. दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटे. आमचा हा मुलगा बारा तास यंत्रांच्या घरघरीत उभा राहतो आणि रात्री पुन्हा बेससमोर. त्याच्या कानांना सुट्टी केव्हा?

कायदाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ठरवून बारापर्यंत सूट देऊ शकते, तेवढीच. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. परवानगी नसेल तर साहित्य जप्त होऊ शकते. कर्जाचे हप्ते मात्र जप्त होत नाहीत, ते चालूच राहतात.

कोणी म्हणेल, बाकीच्यांचे आवाज चालतात, मग आमच्याच जयंतीला नियम का? नियम सर्वांनाच लागला पाहिजे, हे आम्हीही ठणकावून सांगू. पण ज्यांनी कायद्याचे राज्य लिहून दिले, त्यांच्या जयंतीला आजारी म्हातारीची झोप मोडली तर मान कोणाचा वाढला? आणि बेस एवढा चढवला की गाण्याचे शब्दच ऐकू येत नाहीत. शब्द गेले तर भीमगीतात राहिले काय?

शेवटी असे ठरले. कर्ज नाही. ताईंच्या भिशीला हात नाही. मुलाने स्वतःच्या बोनसमधून दोन डेकचे, साऊंड कार्ड आणि माइकची खाच असलेले वापरलेले यंत्र घ्यायचे. स्पीकर आणि ॲम्प भाड्याने. सहा महिने पाळी सांभाळून काम करायचे आणि वहीत जमाखर्च लिहायचा. वहीने हो म्हटले तर पुढचे पाऊल. हेडफोनचा आवाज बेताचा आणि कानांत फोमचे बोळे, ही साऊंडवाल्या दादांची अट.

परवा तो यंत्र घेऊन आला. ताईंनी विचारले, "एवढीशीच?" तो म्हणाला, "आई, आपली आहे." ताईंनी आमच्याकडे पाहिले आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

आपल्याही घरात असा मुलगा असेल. त्याला रागे भरू नका, मोकळेही सोडू नका. त्याच्याबरोबर बसून हिशेब मांडा.