उन्हाळ्याची सुटी आणि बालवाचकाचे स्वातंत्र्य

महाराष्ट्रातील शालेय वर्षाची रचना पाहिली, तर मुलाला सलग आणि मोकळा वेळ वर्षातून एकदाच मिळतो, असे दिसते. मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत, आणि विदर्भात उन्हाच्या तीव्रतेमुळे त्याही पुढे काही दिवस, शाळा बंद असतात. दिवाळीची सुटी सणाच्या गडबडीत जाते. शिवाय दुसऱ्या सत्राची छाया तिच्यावर पडलेली असते. उन्हाळ्याच्या सुटीत मात्र जुनी इयत्ता संपलेली असते आणि नवी सुरू झालेली नसते. वाचनाच्या दृष्टीने हा काळ अत्यंत मोलाचा होय. परंतु नेमक्या याच काळात अनेक शाळांतील ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप असते. परीक्षेपूर्वी मुलांकडून पुस्तके परत घेतली जातात, दाखल नोंदवहीशी त्यांची पडताळणी होते आणि जून उजाडेपर्यंत ती कपाटातच राहतात. वेळ असतो तेव्हा पुस्तक हाती नसते आणि पुस्तक मिळू शकते तेव्हा वेळ नसतो. बालवाचनाविषयीच्या आपल्याकडील चर्चेत या साध्या विसंगतीचा विचार क्वचितच झालेला आढळतो.

ही चर्चा बहुधा हळहळीच्या सुरात चालते. मुले वाचत नाहीत, हे तिचे गृहीतक असते. दोष पूर्वी दूरचित्रवाणीला दिला जाई, आता तो भ्रमणध्वनीला दिला जातो. या साधनांचा प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. तथापि मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे मिळावयास हवीत. सुटीत त्याच्या हाताशी पुस्तक असते काय, हा पहिला प्रश्न. असल्यास ते आपल्या मर्जीने वाचण्याची त्याला मोकळीक असते काय, हा दुसरा. पहिला उपलब्धतेचा आहे, दुसरा स्वातंत्र्याचा. हे दोन्ही प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत. पुस्तके नसतील तर स्वातंत्र्याला अर्थ उरत नाही आणि स्वातंत्र्य नसेल तर पुस्तकांचा ढीगही निरुपयोगी ठरतो.

यांपैकी स्वातंत्र्याच्या प्रश्नाचे मूळ मराठी बालवाङ्मयाच्या इतिहासातच सापडते. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये सुरू केलेल्या मासिकाचे नाव ‘बालबोध’ होते, वा. गो. आपटे यांनी १९०६ मध्ये काढलेल्या मासिकाचे नाव ‘आनंद’ होते. केवळ नावांवरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. ओकांच्या लेखनात रंजन आहे आणि आपट्यांच्या मासिकात उपदेशही आहे. तरीही पाव शतकाच्या अंतराने आलेली ही दोन नावे दोन भूमिकांची निदर्शक आहेत. पुढे ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आला, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे आला, विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’सारख्या संग्रहांतील खट्याळ कविता आल्या. उपदेश ऐकून घेणारे मूल जाऊन उचापती करणारे, प्रश्न विचारणारे, विनाकारण हसणारे मूल साहित्याच्या केंद्रस्थानी आले. या अर्थाने बालसाहित्य बोधाकडून आनंदाकडे सरकले. बालवाचनाचा व्यवहार मात्र बोधापाशीच थांबला. मुलाच्या हाती ‘फास्टर फेणे’ द्यावयाचा आणि वाचून झाल्यावर त्यातून काय शिकलास असे विचारावयाचे, ही आपली रीत आजही कायम आहे.

सुटीतील वाचनाला या रीतीचा सर्वाधिक फटका बसतो. पुस्तकांची यादी, प्रत्येक पुस्तकाचा सारांश, नवीन शब्दांची वही, तात्पर्य आणि पालकांची स्वाक्षरी असा ‘सुटीतील प्रकल्प’ अनेक मुलांच्या वाट्याला येतो. कोणी किती पुस्तके वाचली याच्या स्पर्धा लागतात. यामागील हेतू चांगला असतो, हे मान्यच करावयास हवे. परंतु जूनमध्ये हिशेब द्यावयाचा आहे हे ठाऊक असलेले मूल गोष्टीत शिरत नाही. ते गोष्टीतून सारांशापुरते साहित्य गोळा करते. विनोदाच्या जागा, वर्णनाच्या जागा, पात्रांच्या बोलण्यातील लकबी त्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतात, कारण सारांशात त्यांना स्थान नसते. साहित्यकृतीचे साहित्यपण ज्या गोष्टींत असते, त्याच गोष्टी गाळण्याचे शिक्षण अशा रीतीने दिले जाते.

फ्रेंच कादंबरीकार आणि शिक्षक दानियेल पेनाक यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात वाचकाचे दहा हक्क सांगितले. त्यांतील पहिला हक्क न वाचण्याचा आहे. पाने गाळण्याचा, पुस्तक अर्धवट टाकण्याचा आणि तेच पुस्तक पुन्हा वाचण्याचा हक्कही त्यांत आहे. प्रौढ वाचक हे सारे हक्क रोज बजावत असतो आणि त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारीत नाही. मूल मात्र पुस्तक अर्ध्यावर टाकते तेव्हा ते चंचल ठरते आणि तेच पुस्तक पाचव्यांदा वाचते तेव्हा वेळ वाया घालवणारे ठरते. वस्तुतः पुनर्वाचनाचा वाङ्मयीन अर्थ वेगळा आहे. ज्याला शेवट ठाऊक आहे तो वाचक पुढे काय झाले यासाठी वाचत नाही. गोष्ट कशी सांगितली आहे याकडे त्याचे लक्ष जाते. रसिकतेचा आरंभ येथेच होतो. पदव्युत्तर वर्गात ज्याला आपण आस्वाद म्हणतो, त्याची पहिली पायरी हे पाचवे वाचन असू शकते.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल. निवड मुलांवर सोडली तर ती हलके, चित्रमय, एकसुरी साहित्यच वाचतील आणि अभिरुची घडणार नाही, असा हा आक्षेप आहे. अभिरुची तुलनेतून घडते, आणि तुलनेसाठी आधी पुष्कळ वाचावे लागते, हे त्यावरील पहिले उत्तर होय. एकाच नायकाच्या दहा साहसकथा वाचणाऱ्या मुलाला त्यांतील कोणती फसली आहे हे कोणी न शिकवता कळू लागते. मोठ्यांनी काय करावयाचे, हे दुसऱ्या उत्तरात येते. निवड मुलाची असावी, परंतु ज्यातून निवडावयाचे तो साठा समृद्ध असावा, ही जबाबदारी मोठ्यांची आहे.

निवडीच्या स्वातंत्र्याचा परिणाम काय होतो, याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत झालेला आहे; तेथेही उन्हाळ्याची सुटी दीर्घ असते. बार्बरा हेन्स यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अटलांटा शहरातील अभ्यासात सुटीच्या काळात सधन आणि निर्धन मुलांमधील अंतर वाढते, आणि सुटीतील वाचनाचा मुलांच्या प्रगतीशी स्पष्ट संबंध असतो, असे दिसून आले. रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रान्झेन यांनी फ्लोरिडातील गरीब वस्त्यांमधील मुलांना लागोपाठ तीन उन्हाळ्यांत प्रत्येकी बारा पुस्तके दिली. ती पुस्तके मुलांनी स्वतः निवडलेली होती, आणि त्यांत लोकप्रिय करमणुकीच्या जगातील व्यक्तींविषयीची पुस्तके पुष्कळ होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या मुलांची वाचनातील प्रगती पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक आढळली. परदेशातील निष्कर्ष जसेच्या तसे येथे लागू करणे बरोबर नाही. परंतु ‘हलकी’ पुस्तके वाचून मुलांचे नुकसान झाले नाही, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

महाराष्ट्रापुरता विचार केला, तर सुटीचा प्रश्न सर्व मुलांच्या बाबतीत सारखा नाही. शहरांतील इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शिकणाऱ्या मराठी घरांतील मुलांचे वर्षभराचे वाचन प्रायः इंग्रजीतून होते. साहित्याच्या मराठीशी त्यांची भेट व्हावयाची असेल तर ती सुटीतच होऊ शकते, आणि तेव्हा ती व्याकरणाच्या पुस्तकातून झाली तर ते नाते तेथेच संपण्याचा धोका असतो. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांची मुले हंगामाच्या काळात आईवडिलांबरोबर फडावर जातात आणि गाळप संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर, गावी परततात. त्यांच्यासाठी उन्हाळा हाच गावात स्थिर राहण्याचा काळ असतो; पण ती गावी येतात आणि शाळा बंद होते. आश्रमशाळांतील आदिवासी मुले सुटीत आपापल्या पाड्यावर जातात. तेथे घरात बोलली जाणारी भाषा वारली, भिली वा गोंडी असते आणि छापील मजकूर दृष्टीस पडणेही दुर्मिळ असते. शाळेत कष्टाने जोडलेला अक्षरांचा संबंध या दीड-दोन महिन्यांत सैल होतो.

२०२२ च्या ‘असर’ अहवालानुसार भारताच्या ग्रामीण भागात पाचवीतील ४२.८ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. ज्यांना धड वाचता येत नाही त्यांच्यापुढे आनंदाची भाषा करणे ही चैन आहे, असे यावर कोणी म्हणेल. प्रत्यक्षात स्थिती उलट आहे. पाचवीच्या मुलाने वर्गात दुसरीचे पुस्तक उघडणे त्याच्यासाठी अपमानाचे असते. सुटीत मात्र तेच पुस्तक तो धाकट्या बहिणीला वाचून दाखवण्याच्या निमित्ताने उघडू शकतो, अडखळला तरी त्याला गुण गमवावे लागत नाहीत, आणि ऐकणारी बहीण त्याला मोठा वाचक मानते. मागे पडलेल्या मुलाला ही संधी वर्षभरात अन्यत्र मिळत नाही.

वाचून दाखवणे ही आपल्या परंपरेला परकी गोष्ट नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ची रचनाच रात्रींची आहे, श्याम सांगतो आणि सोबती ऐकतात. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या मूळ गुजराती पुस्तकातील शिक्षक वर्गात प्रथम गोष्टी सांगतो आणि त्यातून पुढे वर्गाचे ग्रंथालय उभे राहते. आधी ऐकण्याची गोडी आणि मग वाचण्याची, हा क्रम त्यांनी अचूक ओळखला होता. ज्या घरात आईवडिलांना वाचता येत नाही, तेथेही मूल वाचणारे आणि घर ऐकणारे होऊ शकते.

यासाठी करावयाच्या गोष्टी खर्चिक नाहीत. वार्षिक परीक्षा संपल्यावर पुस्तके परत घेण्याऐवजी ती वाटावीत; प्रत्येक मुलाने स्वतः निवडलेली चार-पाच पुस्तके घरी न्यावीत आणि आपसांत बदलून घ्यावीत. पुस्तके हरवतील, फाटतील, ही शिक्षकांची भीती खोटी नाही, कारण हरवलेल्या प्रतीची भरपाई त्यांच्याकडून मागितली जाण्याची शक्यता असते. परंतु केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतही वर्षभरात वाचकांनी हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची हानी वाजवी मानलेली आहे. हे तत्त्व शालेय ग्रंथालयांना स्पष्ट शब्दांत लागू करून मुलांसाठी ते अधिक उदार केले, तर कपाटे उघडण्यातील मोठी अडचण दूर होईल. वाचून फाटलेले पुस्तक ही हानी नसून तो त्या पुस्तकाचा उपयोग होय, ही दृष्टी हिशेबतपासणीतही यावयास हवी.

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदानाचा आधार दिला. अशा ग्रंथालयांनी मे महिन्यात अनामत न घेता मुलांना सभासद करून घेणे अवघड नाही. सातारा जिल्ह्यातील भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झाले, ही स्वागतार्ह घटना आहे. तथापि तेथे वाचकाला पुस्तकांकडे जावे लागते. पाड्यावरच्या मुलाकडे पुस्तकानेच गेले पाहिजे. ‘बालभारती’च्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक आता महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत. ज्या भ्रमणध्वनीला आपण दोष देतो त्याच्यावरच ते वाचता येतात, हेही विसरू नये.

या संदर्भात विद्यापीठांतील मराठी विभागांनाही आपली जबाबदारी टाळता येणार नाही. बालसाहित्य आपल्या अभ्यासक्रमांच्या कडेला राहिले आहे. कोणत्या वयाच्या, कोणत्या बोलीच्या मुलाला कोणते पुस्तक रुचेल, हे सांगू शकणारी समीक्षा आपल्याकडे तुटपुंजी आहे. परिणामी निवडीचा साठा तयार करण्याचे काम पुरस्कारांच्या याद्यांवर आणि विक्रेत्यांच्या सवलतींवर सोडले जाते. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी उन्हाळ्यात आपापल्या गावी जातात. गावातील मुलांना रोज तासभर पुस्तक वाचून दाखवणे, मुले कोठे हसली, कोठे कंटाळली, कोणते पुस्तक त्यांनी पुन्हा मागितले याची नोंद ठेवणे, हे त्यांच्यासाठी उत्तम क्षेत्रकार्य ठरेल. पाच-सहा उन्हाळ्यांच्या अशा नोंदींतून मराठी बालवाचकाच्या अभिरुचीचे जे चित्र उभे राहील, ते ग्रंथालयांना, लेखकांना आणि प्रकाशकांना उपयोगी पडेल. यात परीक्षा मुलांची होणार नाही. ती पुस्तकांची होईल. जूनमध्ये शाळा भरल्यावर सारांशाच्या वह्या गोळा करण्याऐवजी मुलांनी आणलेली पुस्तके परत घ्यावीत, आणि त्यांना आणखी कोणती हवी आहेत एवढेच विचारावे.