ओलं सरण

डेथ मेटलचे ‘ऐकलेच पाहिजेत’ असे अल्बम कुणी निवडले, की वरच्या पाचांत काय असणार हे मी यादी न बघता सांगतो. डेथ या बँडचा ‘सिम्बॉलिक’, ॲट द गेट्सचा ‘स्लॉटर ऑफ द सोल’, कार्कसचा ‘हार्टवर्क’. या तिघांना मी वाईट म्हणणार नाही. चीड येते ती निवडणाऱ्यांची. ज्यांना डेथ मेटल सोसत नाही, त्यांच्यासाठी हे लोक डेथ मेटलची यादी करतात. कारल्यात गूळ ओतत राहायचं, कारलं कुठं गेलं ते कळेनासं झालं की पाहुण्याच्या पानात वाढायचं आणि विचारायचं, काय, आवडतं ना कारलं?

तीस वर्षं मी हे संगीत ऐकतोय. माझी यादी वेगळी आहे आणि तिची कसोटी एकच. या संगीताच्या नावात मरण आहे. अल्बम ऐकताना ते अंगाला लागलं पाहिजे. नुसत्या कवट्या आणि कबरी नकोत, त्या मुखपृष्ठावर कुणीही काढतं. मरणाचं वजन, त्याचा वेळकाढूपणा, त्याची धांदल हे सगळं वाजण्यात उतरलं पाहिजे. ज्या अल्बममध्ये ते नाही, तो कितीही घोटीव असो, माझ्या दहांत त्याला जागा नाही.

पहिला नंबर ऑटोप्सीच्या ‘मेंटल फ्युनरल’चा, १९९१.

इथेच निम्मे लोक नाकं मुरडतील. ऑटोप्सी? ते कॅलिफोर्नियाचे ढिसाळ वाजवणारे? होय, तेच. त्यांचा ड्रमर ख्रिस रायफर्ट. डेथच्या पहिल्या अल्बमवर, १९८७च्या ‘स्क्रीम ब्लडी गोर’वर, ड्रम्स त्याचेच आहेत, आणि ते वाजवले तेव्हा त्याला विसावंही लागलेलं नव्हतं. डेथचा म्होरक्या चक शुल्डिनर फ्लोरिडाला परतला, रायफर्ट कॅलिफोर्नियातच राहिला आणि त्याने ऑटोप्सी उभी केली. तो ड्रम्स वाजवतो आणि ओरडतोही तोच. त्यामुळे या बँडची लय घड्याळाची नाही, धाप लागलेल्या माणसाची आहे. रिफ चिखलातून पाय ओढत निघतो. गिटारी इतक्या खाली उतरवलेल्या की तारा सैल पडून लोंबताहेत असं वाटावं. मध्येच काहीही न सांगता सगळे धावत सुटतात, आणि आपण त्यांच्यामागे धावू लागेपर्यंत पुन्हा कोसळलेले असतात. ढिसाळ म्हणणाऱ्यांनी हे नीट ऐकलेलंच नाही. ढिसाळ माणसं एकाच जागी, एकाच क्षणी, चौघंच्या चौघं कोसळत नाहीत.

हा अल्बम माझ्याकडे आला तो शेजारच्या एका दादाकडून. दादा बोटीवर नोकरीला होता. सुट्टीवर येताना कॅसेटी आणायचा आणि मला टीडीकेच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून द्यायचा. एका बाजूला मॉर्बिड एंजलचा ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’, दुसऱ्या बाजूला ‘मेंटल फ्युनरल’. पहिल्यांदा लावली तेव्हा आई तांदूळ निवडत बसली होती. ताट खाली ठेवून तिने विचारलं, “अरे, कुणी मेलंय का यांचं?” यादी करणाऱ्यांना जे वर्षानुवर्षं ऐकून कळत नाही, ते तिला पहिल्या मिनिटात कळलं होतं.

१९९८च्या आषाढात वडील गेले. डोंबिवलीत तीन दिवस पाऊस उघडला नव्हता, लाकडं ओली होती. सरण रचलं, भडाग्नी दिला, पण पेटेना. तूप ओतलं, रॉकेल ओतलं. वरवरचं तेवढं जळायचं आणि विझायचं. कापलेल्या ओंडक्यांच्या तोंडाशी पांढरा फेस यायचा, चरचरत वाळायचा, पुन्हा यायचा. मी सारखा पुढे होत होतो. काका म्हणाले, “बाळा, घाई करू नकोस. आतून धरलंय त्याने.” तास-दीड तास नुसता धूर, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मग कसलीही चाहूल न देता मधोमध भडका उठला आणि आम्ही सगळे एकदम दोन पावलं मागे सरलो.

दिवसकार्य उरकेपर्यंत घरात गाणं लागलं नाही. त्यानंतरच्या एका रात्री मी हेडफोन लावून कॅसेटची ‘मेंटल फ्युनरल’ची बाजू लावली. फेस, चरचर, धूर, आणि न सांगता उठलेला भडका. लय तीच होती. तेव्हापासून पहिला नंबर बदललेला नाही, आणि ‘हार्टवर्क’मधल्या सुरेल सोलोंची महती मला कुणी सांगू नये.

दुसरा, त्याच कॅसेटच्या पलीकडच्या बाजूचा, ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’, १९८९. पुष्कळांच्या यादीत हा पहिला असतो आणि त्यावर माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्याला ‘वेगवान’ म्हणून मोकळं होणाऱ्यांशी. वेग तर आहेच. ड्रमर पीट सँडोव्हल टेररायझरसारख्या ग्राइंडकोअर बँडमधून आला होता, वेग त्याच्या पायात होता. पण अल्बमची सुरुवात कशाने होते ते ऐका. ‘इमॉर्टल राइट्स’चा पहिला रिफ उलटा फिरवलेला आहे. सूर आधी ओढला जातो आणि मग उमटतो, श्वास बाहेर जायच्या ऐवजी आत खेचला जावा तसा. ट्रे अझॅगथॉथची गिटार पुढे सगळा अल्बमभर हेच करते, जिथे सूर यायला हवा तिथून तो निसटतो. आणि एक गोष्ट या बँडची मोठी. १९८६मध्ये त्यांनी एक अख्खा अल्बम रेकॉर्ड केला होता. मनासारखा उतरला नाही म्हणून बाजूला ठेवला आणि त्यातली गाणी पुन्हा घासली. आज आठवड्याला एक गाणं सोडणाऱ्यांनी हे पाठ करावं.

तिसऱ्यासाठी मॉर्बिड एंजलचं फ्लोरिडा सोडून स्टॉकहोमला जावं लागतं. घराणंच वेगळं. एन्टूम्डचा ‘लेफ्ट हँड पाथ’, १९९०, सनलाइट स्टुडिओ, रेकॉर्डिंगला टोमास स्कोग्सबेरी. या घराण्याचा सूर एका छोट्या पेटीतून येतो. बॉस कंपनीचं एचएम-२ नावाचं गिटारचं पेडल. त्यावर चार बटणं. शहाणा माणूस ती जपून फिरवतो. या पोरांनी चारही शेवटपर्यंत फिरवली. त्यातून जो आवाज निघाला तो गिटारीचा वाटतच नाही, लाकूडकापणीच्या वखारीत करवत गाठीत अडकावी तसा वाटतो. कानाजवळ नेऊन ऐकलं तर त्या करवतीच्या आत सूर सापडतात, आणि एकदा सापडले की सुटत नाहीत. शीर्षकगीताच्या शेवटी सगळं मंदावतं आणि ‘फँटॅझम’ या १९७९च्या भयपटाच्या संगीतावरून घेतलेली एक धून येते. तिथे माझ्या अंगावर अजून काटा येतो. हे सगळं विशीही न गाठलेल्या मुलांनी केलं.

आता सांगायची वेळ आली आहे की गेल्या वीस वर्षांत या संगीताचा गळा कुणी आवळला. स्वच्छतेने. आजचा नवा अल्बम लावा. ड्रमचा प्रत्येक ठोका मोजूनमापून सारखा. पायाचा फटका जोरात पडला की हळू, काही फरक नाही, कारण ऐकू येतो तो संगणकातला साठवलेला ठोका. रिफ एकदा वाजवायचा आणि पुढे चार वेळा चिकटवायचा. त्यात चूक नाही, धाप नाही, घाम नाही. ज्या संगीताचा विषयच नासणारं शरीर आहे त्यातून शरीरच काढून टाकलं, आणि याला हे लोक प्रगती म्हणतात! ज्याला हे ऐकून आनंद होतो त्याने शिवणयंत्राजवळ बसावं.

चौथा, डेथचा ‘लेप्रसी’, १९८८. होय, ‘सिम्बॉलिक’ नाही आणि ‘ह्यूमन’ही नाही. ‘ह्यूमन’ मला प्रिय आहे. शॉन राइनर्टने त्यावर जे वाजवलंय ते विशीतल्या पोराने वाजवलंय यावर विश्वास बसत नाही. पण चकचं सगळ्यात मोठं काम ‘लेप्रसी’तच आहे, कारण तिथे त्याने पहिल्यांदा झोंबी आणि चिरफाड सोडून खऱ्या मरणाकडे बघितलं. ‘पुल द प्लग’ हे गाणं यंत्राच्या आधाराने जिवंत ठेवलेल्या माणसाचं आहे. विशीच्या मुलाने अतिदक्षता विभागातल्या खाटेवरून गाणं लिहावं, आणि त्याचा रिफ इतका साधा, इतका बोचरा ठेवावा! चक २००१च्या डिसेंबरात मेंदूच्या गाठीने गेला, चौतीस वर्षांचा. त्यानंतर मला ते गाणं उभ्याने ऐकवलेलं नाही.

पाचवा, सफोकेशनचा ‘एफिजी ऑफ द फरगॉटन’, १९९१. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडची माणसं, पण रेकॉर्डिंगला गेली फ्लोरिडात, टँपाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत स्कॉट बर्न्सकडे, त्या काळी निम्मं डेथ मेटल जात होतं तिथेच. या अल्बमवर मात्र दुसऱ्याच एका जमातीशी माझं भांडण आहे. ‘किती अवघड आहे हो हे, जॅझपेक्षा कठीण!’ असं म्हणत डेथ मेटल ऐकणारे. आपल्याकडे शास्त्रीय संगीताच्या घरात वाढलेल्यांत हा रोग जास्त. मात्रा मोजतात, सम कुठे पडली ते दाखवतात आणि गुरगुरण्याबद्दल मात्र माफी मागितल्यासारखं बोलतात. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. ‘एफिजी’ थोर आहे ते त्यातल्या अवघड जागांमुळे नाही. एवढ्या गर्दीतून माइक स्मिथचे ड्रम्स अचानक अर्ध्या लयीवर येतात आणि छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं होतं, त्यामुळे थोर आहे. फ्रँक मुलनचा आवाज घशातून येतच नाही, तो जमिनीखालून येतो. मुंबईचा गटस्लिट हा बँड ज्या वाटेने चालतो ती वाट इथे पडली. त्या गुडघ्याची लाज वाटत असेल तर सरळ जॅझ ऐका. तिथे कुणी तुम्हाला अडवलेलं नाही.

कॅनिबल कॉर्प्स का नाही, हे मला दर वेळी विचारतात. त्यांचा बेसवादक ॲलेक्स वेब्स्टर अव्वल आहे, हे मान्य. जर्मनीत त्यांना पहिल्या तीन अल्बमांतली गाणी २००६पर्यंत वाजवता येत नव्हती, ती बंदीही मला पटलेली नाही. कलेवर पोलीस बसवू नयेत. पण ‘टूम्ब ऑफ द म्युटिलेटेड’मध्ये बाईच्या देहावर जे चाललंय त्याला मी मरणाचं दर्शन म्हणायला तयार नाही. तिथे मेलेलं माणूस नसतंच, फक्त कापायची वस्तू असते. ‘अरे, गंमत आहे, एवढं काय मनावर घेतोस’ असं सांगणारे मित्र मला आहेत. मला गंमत नको आहे. मी हे संगीत मनावर घेतो म्हणूनच ऐकतो.

पुढचे भराभर सांगतो. सहावा इन्कँटेशनचा ‘ऑनवर्ड टू गॉलगॉथा’, १९९२, तळघरातला कुबट अंधार त्याच्याइतका दाट कुणी वाजवलेला नाही. सातवा ऑबिच्युअरीचा ‘कॉज ऑफ डेथ’, १९९०. त्यांच्या सुरुवातीच्या काळात गायक जॉन टार्डी पुष्कळदा शब्द नसलेलेच उद्गार काढायचा, आणि शेवटच्या घटका मोजणारा माणूस बोलतो ते तरी कुठे शब्दांत असतं? आठवा डेमिलिच या फिनलंडच्या बँडचा ‘नेस्पिथे’, १९९३. गायक अँटी बोमनचा आवाज डबक्यातून बुडबुडे यावेत तसा आहे, आणि त्यावर कुठलाही यांत्रिक संस्कार केलेला नाही हे त्यांना अल्बमवर छापावं लागलं. नववा ॲट द गेट्सचा, पण ‘स्लॉटर ऑफ द सोल’ नाही. ‘द रेड इन द स्काय इज अवर्स’, १९९२. तो वेडावाकडा आहे, त्यात व्हायोलिन आहे, गाणी कुठून कुठे जातात ते आधी कळत नाही. तीन वर्षांनी याच बँडने सगळं कापून, छाटून, चौतीस मिनिटांत बसवलं आणि जग त्यांच्या पाया पडलं. ज्यांनी फक्त तो छाटलेला अल्बम ऐकलाय त्यांनी त्या झाडाची फुलदाणी तेवढी बघितली आहे.

दहावा बोल्ट थ्रोअरचा ‘द फोर्थ क्रुसेड’, १९९२. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीची माणसं. दुसऱ्या महायुद्धात बाँबने उद्ध्वस्त झालेल्या गावात वाढलेल्यांनी आयुष्यभर फक्त युद्धावर गाणी केली. त्यांत विजय जवळजवळ नाही, चालत राहणारे पाय आहेत. जो बेंच या बाईने १९८७पासून शेवटपर्यंत बेस सांभाळला आणि तो सगळ्या रिफांच्या खाली रणगाड्यासारखा सरकत राहिला. २००५च्या ‘दोज वन्स लॉयल’नंतर त्यांनी नव्या अल्बमचं काम सुरू केलं, आधीच्यापेक्षा चांगला होत नाही असं दिसल्यावर सोडून दिलं. मग १४ सप्टेंबर २०१५ला त्यांचा ड्रमर मार्टिन कर्न्स गेला, अवघ्या अडतिसाव्या वर्षी. त्याच्या जागी कुणालाही बसवलं नाही. बरोबर एका वर्षाने, १४ सप्टेंबर २०१६ला, त्याच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, त्यांनी बोल्ट थ्रोअर बंद केल्याचं जाहीर केलं.