डबा बदला, पण आधी पत्ता तपासा

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या इंटरनेट फोनच्या कंपनीचा ईमेल आला. तुमचं अडॅप्टर जुनं झालंय, वर्षअखेरीनंतर त्याला सॉफ्टवेअर अपडेट मिळणार नाहीत, नवीन घ्या. अडॅप्टर म्हणजे राउटरशेजारी पडलेला हाताच्या पंजाएवढा काळा डबा. त्याला एका बाजूने साधा टेलिफोन जोडायचा, दुसऱ्या बाजूने इंटरनेटची वायर. दहा वर्षांपूर्वी न्यू जर्सीत आलो, तेव्हा सांगलीला फोन करायला स्वस्त पडतो म्हणून घेतला होता.

बायको म्हणाली, "टाक फेकून. त्याच्यावर फोन येतात कुणाचे? गाडीची वॉरंटी विकणाऱ्यांचे!" खरंच होतं. सांगलीशी बोलणं आता व्हॉट्सॲपवरच होतं. मग नव्या डब्याचे ऐंशी डॉलर आणि दरमहा कर व 911 सेवेचे सहा-सात डॉलर भरायचे कशाला? मीही फेकायच्याच बाजूचा होतो.

फेकण्याआधी सहज 933 लावून पाहिला. काही इंटरनेट फोन कंपन्यांत हा चाचणीचा नंबर असतो. आपण 911 ला फोन केला तर कोणता पत्ता दिसेल, तो यंत्र वाचून दाखवतं. यंत्राने पत्ता वाचला आणि माझ्या पोटात गोळाच आला. तो आमच्या जुन्या अपार्टमेंटचा पत्ता होता. ते सोडून आम्हाला चार वर्षं झाली.

एप्रिलपासून आई-बाबा आमच्याकडे आहेत. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. आम्ही दोघं कामाला गेलो की दिवसभर घरात ते दोघं आणि तीन वर्षांची नात. आल्या आल्या मी आईला सांगितलं होतं, "काही झालं तर स्वयंपाकघरातला फोन उचल आणि 911 लाव." चार महिने ती त्या भरवशावर होती. ॲम्ब्युलन्स गेली असती पंधरा मैल लांब, भलत्याच कुणाच्या दारात.

चूक माझीच. तांब्याच्या तारेची जुनी लाइन एका घराला बांधलेली असायची. हा डबा इंटरनेट असेल तिथे चालतो, म्हणून घर बदललं की नवा पत्ता आपण कळवायचा असतो. इथल्या कायद्याने 2005 पासून अशा फोन कंपन्यांना 911 द्यावाच लागतो, पण मी पत्ताच बदलला नाही तर कंपनी काय करणार?

कुणी म्हणेल, मोबाईल आहे की. आहे. व्हॉट्सॲपवरून 911 लागत नाही, पण मोबाईलवरून लागतो, अगदी लॉक असला तरी. हे आईला दाखवलं. ती म्हणाली, "अरे, घाबरल्यावर मला तो काचेचा फोन सुधरायचा नाही. ह्याची बटणं हाताला कळतात." शिवाय मोबाईलवरून जागा साधारण कळते, नेमका पत्ता बहुतेक वेळा तोंडाने सांगावा लागतो.

म्हणून माझं मत बदललं. घरात नुसतं तरुण जोडपं असेल तर डबा खुशाल काढून टाका. म्हातारी माणसं किंवा लहान मूल असेल, तर ठेवा आणि वेळेत बदला. जुना आज चालतोय यावर जाऊ नका. अपडेट थांबले की कधीतरी त्यातलं सुरक्षा प्रमाणपत्र संपतं आणि सर्व्हर त्याला दारात उभा करत नाही. डब्याचे दिवे लागलेले असतात, पण फोन बंद असतो. रोज न वापरणाऱ्याला ते कळतही नाही.

बदलताना तीन गोष्टी करा. पत्ता नोंदवा आणि शक्य असेल तर 933 लावून खात्री करा. डबा आणि राउटर दोन्ही बॅटरी बॅकअपवर ठेवा. जुन्या लाइनला वीज एक्स्चेंजमधून यायची, ह्याला येत नाही. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर वापरलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. आणि कंपनी बदलणार असाल तर नंबर नव्या कंपनीकडे आल्याशिवाय जुनी सेवा बंद करू नका, नाहीतर नंबर हातचा जाईल.

पुढच्या उन्हाळ्यात मुलांकडे येणार असलेल्या आई-बाबांना एक सांगणं. लोणचं-पापड भरण्याआधी मुलाला किंवा मुलीला विचारा, "घरी काही झालं तर आम्ही कोणत्या फोनवरून 911 लावायचा आणि गाडी कुठे येईल?" उत्तराला वेळ लागला, तर तपासायला लावा.

आमच्याकडे नवा डबा लागला. फ्रिजवर घराचा इंग्रजी पत्ता मराठी अक्षरांत लिहून चिकटवलाय. काल आईने स्वतः 933 लावला, कागदावर बोट ठेवून पत्ता शेवटपर्यंत ऐकला, "आपलाच आहे" म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.