कांचपेटींतील गोतावळा

गेल्या दोन अंकांत कांचपेटींत पाणवनस्पति कशा लावाव्यात, तळाशीं माती किती घालावी, वाळूचा थर केवढा असावा व उजेड किती तास द्यावा, याविषयीं आम्हीं लिहिलें. बाग लागली, आतां तींत मासे कोणते सोडावेत, ही विचारणा ओघानेंच आली. तिचें उत्तर देण्यापूर्वीं आमच्या स्वतःच्या घरीं घडलेली एक चूक सांगणें प्राप्त आहे. कारण ती सर्वस्वीं आमची होती, आणि आमची छत्तीस वर्षांची मास्तरकीच तिच्या मुळाशीं होती.

आमचें घर जांभ्या चिऱ्यांचें, दोघां भावांच्या कुटुंबांचें. लहानथोर मिळून तेरा माणसें, त्यांत नातवंडें सात. ओटीवर, थेट ऊन पडणार नाहीं अशा जागीं, ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद व तितकीच उंच अशी पेटी मांडली. माती-वाळूची जागा वजा जातां तींत सुमारें ११० लिटर पाणी राहतें. झाडें रुजल्यावर एका रविवारीं सातहि नातवंडांना घेऊन आम्ही दुकानांत गेलों. सात जणांनीं सात निरनिराळ्या माशांकडे बोटें दाखविलीं. वर्गांत खडू वाटतांना जो न्याय आम्हीं जन्मभर केला तोच येथेंहि केला : ज्याचा त्याला एक. दुकानदार बिचारा म्हणाला, "गुरुजी, हे मासे एकेकटे राहत नाहींत. एकाच जातीचे दहाबारा न्या." त्यांत त्याचा विक्रीचा हेतु असावा असें समजून आम्हीं हंसून तें बोलणें टाळलें.

घरीं आल्यावर लाल-निळ्या रेघेचा नीऑन टेट्रा व्हॅलिस्नेरियाच्या पात्यांमागें कोपऱ्यांत जाऊन उभा राहिला, तो तेथून हलेना. त्याचा रंग फिका पडला. खाद्य तोंडापुढून गेलें तरी तो पुढें येईना. काळ्या पट्ट्यांच्या टायगर बार्बानें याच्या उलट केलें. सोबतीस स्वजातीय कोणी नाहीं म्हणून त्यानें इतरांच्या परांचे लचके तोडण्यास आरंभ केला. अकराव्या दिवशीं नीऑन मेला. तो सर्वांत धाकट्या नातीचा, कुसुमचा होता. तुळशीमागें खड्डा करून आम्हीं तो पुरला. परत येतांना ती म्हणाली, "आजोबा, त्याच्याशीं कोणी बोलतच नव्हतं." पोरीचें तें वाक्य आमच्या जिव्हारीं लागलें. शाळेंत शेंकडों मुलांना आम्हीं 'निरीक्षण करा' म्हणून सांगितलें, आणि जें सहा वर्षांच्या मुलीला दिसलें तें आम्हांस दिसलें नव्हतें.

त्यानंतर मग पुस्तकें उघडलीं. या लहान माशांना थव्याची गरज कां असते, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. नदींत बोटाएवढ्या माशाला खाणारे पुष्कळ. एकटा मासा शत्रूच्या नजरेंत चटकन भरतो. शंभर सारखे मासे एकदम वळले कीं शत्रूची नजर एकावर ठरत नाहीं. म्हणून आपल्यासारखे सोबती दिसणें हीच या माशाला निर्भयतेची खूण आहे. ते न दिसले तर तो सतत भयांत राहतो, आणि भयांत राहणारा जीव नीट खात नाहीं व रोगाला लवकर बळी पडतो. सोबत्यांचा माग तो केवळ डोळ्यांनींच घेतो असें नाहीं. त्याच्या दोनहि कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक पार्श्वरेषा असते. शेजाऱ्याच्या हालचालीनें पाण्यांत उठणारी लहर तिला कळते. १९७६ सालीं ब्रिटनमधील संशोधकांनीं कांहीं समुद्री माशांचे डोळे तात्पुरते झांकून पाहिलें, तरीहि ते थव्याबरोबर पोहत राहिले !

आमच्या पूर्वजांना हे लहान मासे अपरिचित होते असें नव्हे. अमरकोशांत शफरी व प्रोष्ठी हे शब्द जवळजवळ आहेत, आणि मेघदूतांत गंभीरा नदीचें वर्णन करतांना कालिदासानें शफरांच्या चपळ उसळ्यांना त्या नदीचे कटाक्ष कल्पिलें आहे. एकट्या शफराची उसळी पाहून अशी कल्पना सुचली असेल काय ? बंगाल्यांत अशाच लहान माशाला पुंटी म्हणतात, आणि त्या शब्दावरूनच हॅमिल्टन या स्कॉटिश वैद्यानें १८२२ सालच्या आपल्या गंगेंतील माशांवरील ग्रंथांत 'पुंटियस' हें नांव घडविलें. त्याच ग्रंथांत निळ्या-रुपेरी पट्ट्यांच्या झेब्रा दानिओचें पहिलें शास्त्रीय वर्णन आहे. हा मासा आज जगांतील प्रयोगशाळांत उंदराच्या खालोखाल मानाचा समजला जातो. तो काटक, स्वस्त आणि सदा धांवपळींत असतो. नवशिक्यांनीं खुशाल घ्यावा. मात्र पेटीला झांकण हवें, कारण तो उडी मारतो.

आतां निवडीकडे वळूं. जात एकच घ्यावी आणि ती भरपूर घ्यावी. सहांपेक्षां कमी तर कधींच नको. दहा-बारा असल्यास उत्तम. दोन फुटी पेटी असेल तर दीड इंचापेक्षां मोठी न होणारी जात घ्यावी. दुकानांत सारेच मासे लहान दिसतात, आणि फसगत होते ती येथें. मनूच्या हातीं आलेला मासा आधीं घागरींत, मग खड्ड्यांत आणि शेवटीं समुद्रांत न्यावा लागला, ही शतपथब्राह्मणांतील कथा पेटी बाळगणाऱ्यानें विसरूं नये. टिनफॉइल बार्ब नांवाचा रुपेरी मासा दोन इंचांचा असतांना विकतात. तो फुटाहून मोठा होतो, आणि वाटेंत आपली सारी बाग फस्त करतो. सिल्व्हर डॉलर व ब्यूनॉस आयर्स टेट्रा हेहि पक्के शाकाहारी वृत्तीचे आहेत. आमच्या घरीं ही गोष्ट कौतुकाची ठरली असती, पण ज्यानें दोन महिने खपून झाडें लावलीं त्याला ती परवडणारी नाहीं. रोझी बार्ब आपल्याच देशाचा, दिसावयास सुरेख. पण कोंवळीं पानें तोहि कुरतडतो.

दुसरी गोष्ट हवेची. पुस्तकें बहुधा थंड देशांत लिहिलेलीं असतात व त्यांत पाणी गरम कसें ठेवावें याचींच वर्णनें फार. रत्नागिरींत प्रश्न उलटा आहे. वैशाखांत आमच्या ओटीवरील पाणी ३० अंशांपर्यंत चढतें. चीनमधील व्हाइट क्लाउड मिनो हा डोंगरी, गार पाण्यांतला मासा आहे. तो कोकणांत आणूं नये. नीऑनलाहि २६ अंशांवरचें पाणी फारसें मानवत नाहीं. त्याचा भाऊबंद कार्डिनल टेट्रा उष्णता अधिक सोसतो. पाण्याच्या गुणाविषयीं मात्र आम्ही भाग्यवान. जांभ्या दगडांतील विहिरीचें पाणी बहुधा मऊ व किंचित आम्ल असतें, आणि मलाया, सुमात्रा व ॲमेझॉनकडील बहुतेक लहान माशांना तेंच हवें असतें. समुद्राजवळच्या मचूळ विहिरी अर्थात् सोडून द्याव्या. नळाचें पाणी वापरणाऱ्यांनीं तें उघड्या पिंपांत एक दिवस ठेवावें, म्हणजे मोकळा क्लोरिन निघून जातो. घाई असेल त्यांनीं क्लोरिन मारणारें औषध वापरावें.

एका वाचकांचा आग्रह आहे कीं परदेशी मासे कशाला, आपल्या ओढ्यांतलेच धरून आणावेत. हा स्वदेशीचा विचार मनाला गोड वाटतो, पण आमचें मत निराळें आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांत सुंदर मासे आहेत यांत शंका नाहीं. परांना लांब तंतु असलेल्या बार्बांच्या एका जातीला, जी आपल्या महाराष्ट्राच्या सह्याद्रींतल्या नद्यांत राहते, शास्त्रज्ञांनीं २०२० सालीं प्रथम स्वतंत्र नांव दिलें, आणि तें नांव आहे 'डॉकिन्सिया उत्तरा'. उत्तर सह्याद्रीची म्हणून उत्तरा ! संस्कृत शिकविलेल्या माणसाला याहून आनंद कसला ? परंतु ज्या जातीची ओळखच काल झाली तिच्या वाट्याला आम्ही जाळें घेऊन जावें काय ? केरळांतील लाल-काळ्या रेघांच्या बार्बाची कथा डोळ्यांपुढें आहे. त्याला व्यापारी 'मिस केरळ' म्हणतात. शास्त्रीय गणाचें नांव २०१३ पासून 'सह्याद्रिया'. परदेशीं त्याला मागणी आली आणि २००५ ते २०१२ या काळांत त्याचे व त्याच्या जवळच्या जातीचे मिळून तीन लाखांहून अधिक मासे देशाबाहेर गेले. आज तो धोक्यांत आलेल्या जातींच्या यादींत आहे. ओढ्याचा मासा ओढ्यांतच पहावा. पावसाळा सरल्यावर पऱ्ह्याच्या काठीं घटकाभर स्वस्थ बसलें तर तो आपण होऊन समोर येतो. ज्यांना मुलांसह कांचेआडचे मासे पहावयाचे आहेत त्यांनीं आमच्या गांवीं कोकण कृषि विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचें मत्स्यालय व संग्रहालय पहावें; तेथील देवमाशाचा सांपळा मुलें विसरत नाहींत.

इतका विचार करून आम्हीं हार्लेक्विन रासबोरा ठरविला. तो मूळचा मलाया-सुमात्रेकडचा, आतां मत्स्यशाळांतून पैदास होणारा. लांबी दीड-पावणेदोन इंच. अंग तांबूस, शेपटीकडे काळा त्रिकोण. झाडांना तोंड लावीत नाहीं. आम्हीं बारा आणले. एकाच हौदांतील, पोट खपाटीस न गेलेले, अंगावर पांढरे ठिपके नसलेले असे पाहून घेतले आणि तीन आठवडे वेगळ्या टबांत ठेविले. पेटी नवी असेल तर त्याहूनहि अधिक धीर धरावा. माशांच्या मलमूत्रांतून होणारा अमोनिया पचविणारे सूक्ष्म जंतु वाळूंत वाढण्यास महिना-दीड महिना लागतो. आमचे पहिले मासे आम्हीं या बाबतींतहि फार लवकर आणले होते.

खाद्याचा प्रश्न आमच्या घरीं जरा नाजूक होता. माशांना गोठविलेल्या अळ्या फार आवडतात असें दुकानदार म्हणाला, आणि त्या फ्रिजमध्यें ठेवाव्या लागतात असेंहि म्हणाला. आमच्या वहिनी ब्याऐंशीं वर्षांच्या. "भाऊजी, ज्या घरांत मासळी उंबऱ्याच्या आंत आली नाहीं तेथें मासळीचं जेवण दुधाशेजारीं ठेवणार तुम्ही ?" एवढेंच त्या म्हणाल्या. तेव्हांपासून सुकें खाद्य, तेंहि पडवींतल्या फडताळांत. दिवसांतून दोनदां, दोन मिनिटांत संपेल इतकेंच द्यावें. मासे उत्तम आहेत. अळ्यांवांचून कांहीं अडलें नाहीं.

मुलांना मात्र पहिल्यानें हा बेत पसंत पडला नाहीं. बारा मासे हुबेहूब सारखे. मग माझा कोणता? हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं. लहान मुलाला वस्तूचें प्रेम 'माझी' म्हटल्यावांचून जडत नाहीं, आणि मोठ्या घरांत माझें म्हणावें असें त्याच्या वाट्याला थोडेंच येतें. आम्हीं निदान कामें वाटून दिलीं : एकाकडे खाद्य, एकाकडे उष्णतामापक, एकाकडे पिवळीं पानें काढणें. कुसुमनें एका माशाच्या शेपटीला बारीक चीर पाहून तो आपला म्हणून ठरविला. महिन्याभरांत ती चीर भरून आली. हल्लीं ती रोज निराळ्याच माशाकडे बोट दाखविते.

येणारे पाहुणे विचारतात, "गुरुजी, हे कवायतीसारखे एका रांगेंत कां पोहत नाहींत ?" पहिले कांहीं दिवस ते तसेच, एकमेकांस चिकटून पोहत होते. घट्ट थवा हें बहुधा भयाचें लक्षण. रमीनोज टेट्रासारख्या कांहीं जाती सदाच जुळून राहतात, ती गोष्ट वेगळी. पण इतर मासे निर्धास्त झाले कीं झाडांतून सैल पांगतात, आणि कोणाची सांवली पडली कीं क्षणांत एकत्र येतात. पेटीवर टिचकी मारून त्यांना रांगेंत आणूं पाहणाऱ्या पाहुण्यांना आम्ही चहा लवकर देतों.

राहतां राहिले पहिले सहा मासे. शेजारच्या एका गृहस्थांनीं ते विहिरींत सोडावयास सुचविलें. तसें कोणींहि करूं नये. विहीर भरली कीं पाणी पऱ्ह्यांत जातें, आणि बाहेरचा मासा तेथें एकदां रुजला कीं निघत नाहीं. पेट्यांतून सुटलेला सकर मासा उजनीच्या जलाशयांतहि सांपडला आहे. आमचे पांच मासे त्याच दुकानदारानें विनामूल्य परत घेतले. सहावा, म्हणजे तो लचके तोडणारा टायगर बार्ब, आमच्या एका स्नेह्यांकडे गेला. त्यांच्या चार फुटी पेटींत त्याच्याच जातीचे नऊ होते. दोन दिवस तो काठाकाठानें फिरला, तिसऱ्या दिवशीं त्यांच्यांत मिसळला. आतां तो आपसांतच भांडतो. इतर कोणाचे पर तोडीत नाहीं.