खंदक कोण भरणार?

गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीत किल्ल्यांची स्पर्धा झाली. कोलशेतमध्ये आता किल्ल्यासाठी माती विकत आणावी लागते, तरी सात किल्ले झाले. चार रायगड, दोन प्रतापगड आणि माझ्या भाचीने केलेला ठाण्याचा किल्ला. तिच्या किल्ल्याचा तट एका बाजूने ढासळलेला होता, खंदक अर्धवट भरलेला होता आणि समोर इंग्रजांच्या तोफांचे मोर्चे होते. पाटीवर तारीख होती, २७ डिसेंबर १७७४. परीक्षक म्हणून आलेल्या काकांनी प्रेमाने विचारलं, "अगं, पण इथे तर आपण हरलो ना? मग हा किल्ला कशाला करायचा?"

नंबर अर्थातच आला नाही. त्याचं तिला काही वाटलं नाही, मलाही नाही. काकांच्या प्रश्नाशी मात्र मला भांडायचं आहे.

आधी हे सांगतो, की भाचीला हा किल्ला शाळेच्या पुस्तकात भेटलेला नाही. ती कॉम्प्युटरवर 'सिव्हिलायझेशन सिक्स' खेळते. आळीपाळीने चाली करायचा खेळ आहे. षटकोनी घरांच्या नकाशावर राज्य वाढवायचं. पहिले काही महिने ती एकही तटबंदीचं शहर घेऊ शकली नाही, कारण ती अगदी आपल्या व्याख्यानांसारखी खेळायची. घोडेस्वार गोळा करायचे आणि थेट तटावर घालायचे. तट हलायचा नाही, वरून मारा व्हायचा, घोडेस्वार संपायचे. "कॅटापल्ट का नाही घेत?" विचारलं तर म्हणायची, "मामा, ते फार हळू चालतं."

हळू चालतंच. शिवाय ज्या खेळीत ते हललं, त्या खेळीत त्याला सहसा मारा करता येत नाही. समोरून साधी पायदळाची तुकडी आली तरी ते बिचारं मरतं. म्हणून त्याचा उपयोग करायचा तर शिस्त लागते. एक नेऊन भागत नाही, दोन-तीन न्यावी लागतात, म्हणजे तटाचा मारा एकावर पडला तरी बाकीची चालू राहतात. ती शहरापासून दोन घरं लांब लावायची. पुढे पायदळ ठेवायचं, ते मार खाण्यासाठी. शहराभोवतीची सगळी घरं रोखायची, म्हणजे आतली पडझड दर खेळीला भरून निघत नाही. आणि तट पडला की शहरात शिरायला शेवटी पायदळ किंवा घोडेस्वार लागतात. नुसत्या तोफेने शहर ताब्यात येत नाही. हे सगळं जमेपर्यंत दहा-पंधरा खेळ्या काहीच घडत नाही. कंटाळा येतो. हा कंटाळा सोसला की शहर पडतं.

हे जमल्यावर तिने मला विचारलं, "खऱ्या लढाईत असंच असायचं का?" मी तिला ठाण्याची गोष्ट सांगितली. १२ डिसेंबर १७७४ला जनरल गॉर्डनची फौज मुंबईहून निघाली. २० तारखेला तोफा सुरू झाल्या. आठ दिवसांत तटाला भगदाड पडलं. वेढ्यात कमोडोर वॉटसन प्राणघातक जखमी झाला. २७च्या रात्री इंग्रज खंदक भरायला पुढे आले, तेव्हा किल्ल्यातल्या मराठ्यांनी त्यांना मागे रेटलं. शंभरेक गोरे सैनिक पडले. भगदाड होतं, पण खंदक भरलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी हल्ला यशस्वी झाला आणि आतली बहुतेक शिबंदी कापून काढली गेली. तो किल्ला आज ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे सहलीला जाऊन बघायची सोय नाही.

त्या एका रात्री किल्ला वाचवणाऱ्या माणसांचं आपण काय केलं? ते 'आपण हरलो' या सहा अक्षरी खात्यात जमा केले आणि वही मिटली.

बरं, जिंकलेल्या वेढ्याचं तरी काय करतो? आमच्या कोलशेतच्या खाडीचं पाणी ओहोटीला नागला बंदर, गायमुख, घोडबंदर ओलांडून वसईकडे जातं. त्या वसईवर १७३७च्या पावसाळ्यात शिड्या लावून केलेले हल्ले फसले. १७३९मध्ये चिमाजीअप्पा स्वतः वेढ्यावर आले. मोर्चे पुढे सरकवले, तटाखाली सुरुंग खणले, आणि मे महिन्यात सेबास्टियनचा बुरुज उडाला. काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत. उशिरा उडालेल्यांत आपलीच माणसं गेली. तरी किल्ला पडला, कारण खणणारे पुन्हा खणायला गेले. पण कुठल्याही भाषणात गोष्ट येते ती अप्पांनी स्वतःचं शीर तोफेने किल्ल्यात उडवायला सांगितल्याची. गोष्ट जोरदार आहे, प्रश्नच नाही. पण शिरामुळे बुरुज पडत नाही, दारूमुळे पडतो. आणि दारू तटाखाली कोणीतरी अंधारात, पाठीवर नेलेली असते. 'मोर्चेबांधणी' हा शब्द आपण निवडणुकीसाठी जपून ठेवला आणि मोर्चे बांधणारे विसरलो.

यावर कोणी म्हणेल, आता इतिहास व्हिडिओ गेमकडून शिकायचा का? नाही. त्या खेळाचे दोष मला ठाऊक आहेत. त्यात खंदक भरणारे बेलदार नाहीत, सुरुंगात गाडली गेलेली माणसं नाहीत, शहर पडल्यावर कापली गेलेली शिबंदी नाही. पण हिशेब आहे. तटावर घोडे घातले तर मरतात, हे तो खेळ भावनेला हात न घालता सांगतो. आपल्याकडे पराक्रमाच्या नावाखाली हा हिशेबच गाळला जातो. मग मुलांना वाटतं, किल्ले धाडसाने पडतात आणि फितुरीने जातात; मधलं काही नसतंच. असं वाढलेलं मूल पुढे कुठल्याही हळू चालणाऱ्या कामाला कंटाळेल, आणि ते काम करणाऱ्याला कमी लेखेल. माझं भांडण यासाठी आहे.

म्हणून काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हरलेला किल्ला अशासाठी करायचा, की त्यात खंदक दाखवावा लागतो. चार रायगडांपैकी एकातही काम करणारा माणूस नव्हता.

या वर्षी भाची वसई करणार आहे. जिंकलेली असल्यामुळे अडचण नसावी. आम्ही बाजारात चित्रं आणायला गेलो होतो. मावळे मिळाले, तोफा मिळाल्या, सिंहासनावरचे महाराज तीन आकारांत मिळाले. कुदळ घेतलेला माणूस कुठेच मिळाला नाही. तो तिला घरीच, मातीचा करावा लागणार आहे.